चूक ठरण्याची पात्रता

संगणकशास्त्राच्या वर्गात 'संकल्पनात्मक मॉडेल' हा शब्द आला की त्याची व्याख्या एका ओळीत उरकतात: प्रणाली प्रत्यक्ष बांधण्याआधी काढलेलं तिचं अमूर्त चित्र. मग फळ्यावर चौकोन येतात, चौकोनांत नामं बसतात, नामांना रेषा जोडल्या जातात आणि रेषांच्या टोकांशी 'एक' किंवा 'अनेक' लिहिलं की मॉडेल झालं. परीक्षेला एवढं पुरतं. नोकरीत त्याहूनही कमी पुरतं. तिथे हे चित्र पहिल्या बैठकीत दाखवायचं आणि पुन्हा उघडायचं नाही, असा रिवाज आहे.

या व्याख्येतला एकही शब्द कामाचा नाही. 'आधी' हा शब्द वेळापत्रकाबद्दल बोलतो, 'चित्र' कागदाबद्दल. 'अमूर्त' म्हणावं तर संगणकातलं सगळंच कमी-अधिक अमूर्त. फाइल तरी कुणी हातात धरली आहे? व्याख्येने निवड करायला हवी, हे आत आणि ते बाहेर असं सांगायला हवं. ही व्याख्या येईल त्याला आत घेते.

माझं म्हणणं असं: एखाद्या प्रणालीच्या वर्णनातला जो भाग, संगणकातलं काही न कळणारा पण तो व्यवहार पुरता कळणारा माणूस 'हे चूक आहे' म्हणून खोडू शकतो, तेवढाच भाग संकल्पनात्मक मॉडेल. बाकीचा भाग साचा असेल, यंत्राची रचना असेल, सोय असेल. त्याला मॉडेल म्हणू नये. मॉडेलपाशी चूक ठरण्याची पात्रता हवी, आणि त्याला चूक ठरवणारा साक्षीदार यंत्राच्या बाहेरचा हवा.

1. व्याकरण आणि वाक्य

सर्वांत मोठा घोटाळा या शाखेच्या पूर्वजांनीच करून ठेवला आहे, तोही नावं ठेवताना. 1970 साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची पद्धत सुचवली. तिचं नाव 'रिलेशनल मॉडेल'. 1976 साली पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांच्यातले संबंध अशी मांडणी दिली. तिचं नाव 'एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल'. 1997 साली प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या यूएमएलच्या नावात तर 'मॉडेलिंग' आणि 'भाषा' दोन्ही आहेत. त्यांतला 'भाषा' हा शब्द तेवढा प्रामाणिक.

'माहिती ओळी आणि रकान्यांत मांडता येते' हे वाक्य रेल्वेतल्या टीसीला ऐकवा. तो म्हणेल, मांडा की. या वाक्यात त्याला खोडण्यासारखं काही नाही, कारण त्यात त्याच्या जगाबद्दल काही म्हटलेलंच नाही. कॉड यांची मांडणी गणिताच्या दृष्टीने अतिशय देखणी आहे आणि तिच्यामुळे पुढची पन्नास वर्षं सुकर झाली, हे मान्यच. पण ती व्याकरण आहे. व्याकरण खोटं बोलत नाही. खोटं बोलायला वाक्य लागतं. 'एका प्रवाशाला एक बर्थ' हे वाक्य आहे, आणि ते ऐकून टीसी मान हलवेल.

विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवून मॉडेलिंग शिकवलं असं समजणं म्हणजे विभक्तिप्रत्यय पाठ झाले की कादंबरी लिहिता येईल असं समजणं. आपल्याकडे नेमकं तेच होतं. हिरा कधी काढायचा, पोकळ बाण कुठे, भरीव कुठे, यावर गुण मिळतात. चौकोनात लिहिलेलं खरं आहे का, हे विचारायला परीक्षकाकडे साधनच नसतं.

2. कशापासून स्वतंत्र, कशाला बांधील

'संकल्पनात्मक' या विशेषणाला डेटाबेसच्या जगात पक्की जागा मिळाली ती 1975 च्या सुमारास, अमेरिकेतल्या अ‍ॅन्सी या मानक संस्थेच्या एका अभ्यासगटामुळे. त्यांनी वर्णनाचे तीन थर सांगितले: प्रत्येक वापरणाऱ्याला दिसणारी बाजू, डिस्कवरची मांडणी, आणि या दोहोंच्या मध्ये, दोहोंपासून स्वतंत्र असं एक वर्णन. मधल्या थराला 'संकल्पनात्मक' म्हटलं गेलं. कल्पना उत्तम होती. डिस्क बदलली तरी संस्थेच्या माहितीचा अर्थ बदलू नये, हा तिच्यातला गाभा आजही टिकून आहे.

पण त्यातूनच एक गैरसमज रुजला: यंत्रापासून सुटलं की ते संकल्पनात्मक झालं. यंत्रापासून सुटणं ही अर्धीच अट झाली. दोर कापलेला पतंगही सुटलेलाच असतो. सुटलेलं वर्णन कशाला तरी बांधील हवं, आणि ते बंधन त्या व्यवहाराशीच असू शकतं. मार्विन मिन्स्की यांनी 1965 मध्ये मॉडेलची जी ओळख सांगितली तिच्यात हे बंधन होतं: एखाद्या वस्तूबद्दल मला पडलेल्या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या वस्तूकडून मिळत असतील, तर दुसरी ही माझ्यापुरती पहिलीचं मॉडेल. इथे तीन पात्रं आहेत. वस्तू, तिची जागा घेणारी दुसरी वस्तू, आणि प्रश्न विचारणारा. फळ्यावरच्या व्याख्येत एकच उरलं आहे.

(तर्कशास्त्रज्ञांशी बोलताना सावध असावं. त्यांच्याकडे आधी विधानं असतात, आणि ती ज्या रचनेत खरी ठरतात तिला ते मॉडेल म्हणतात. आपल्याकडे विधानांनाच मॉडेल म्हणतात. दोघं एकच शब्द उलट्या दिशांनी वापरतात आणि तासभर वाद घालून चहाला जातात.)

3. एका बर्थचा हिशेब

आता टीसीकडे परत जाऊ. विद्यार्थ्याने काढलेलं चित्र सरळ आहे: प्रवासी, तिकीट, गाडी, बर्थ. एका तिकिटावर अनेक प्रवासी, एका प्रवाशाला एक बर्थ, एका गाडीत अनेक बर्थ. हे टीसीला चित्र म्हणून न दाखवता एकेक वाक्य करून वाचून दाखवलं, तर काय होईल?

तो आधी आरएसीची हरकत घेईल. साइड लोअरवर दोघं बसतात, दोघांकडे वैध तिकीट, बर्थ एक. म्हणजे प्रवासी आणि बर्थ यांची जोडी एकास एक नाही. विद्यार्थी रेषेच्या टोकाशी 'अनेक' लिहून मोकळा होईल. पण मग टीसी विचारेल, अप्पर बर्थवरही दोघं चालतील का? चित्र म्हणतं चालतील. जग म्हणतं नाही. 'अनेक' लिहिल्याने मॉडेल सुधारलं नाही, ते नुसतं ढिलं झालं. ढिलं मॉडेल कमी वेळा चुकतं, कारण ते कमी बोलतं.

दुसरी हरकत टप्प्यांची. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या गाडीत एका बर्थवर भुसावळपर्यंत एक माणूस झोपतो आणि तो उतरल्यावर दुसरा. तेव्हा विकलेली वस्तू बर्थ नाहीच. विकला जातो तो त्या बर्थचा दोन स्थानकांमधला तुकडा. विद्यार्थ्याच्या चित्रात या तुकड्याला चौकोनच नाही, कारण डब्यात तो डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंची यादी करणं म्हणजे मॉडेल करणं, ही समजूत इथे कोसळते. या व्यवहारातली सर्वांत महत्त्वाची वस्तू कुणी पाहिलेली नाही. तिच्यावर भांडणं मात्र रोज होतात.

तिसरी हरकत मला सर्वांत आवडते. 'गाडी' म्हणजे काय? मुंबईहून 4 तारखेच्या रात्री सुटलेली गाडी भुसावळला 5 तारखेच्या पहाटे येते. तिथे चढणाऱ्याचा प्रवास 5 तारखेचा, पण गाडी 4 ची. आपण सगळेच फलाटावर 'कालची गाडी आज आली' असं सहज बोलतो. त्या एका वाक्यात गाडीचे निदान दोन अर्थ वेगळे झालेले असतात: वेळापत्रकातला कायमचा क्रमांक आणि एका तारखेला सुटलेली फेरी. तिसरा अर्थ म्हणजे प्रत्यक्ष डबे. ते आज या क्रमांकाने धावतात, उद्या दुसऱ्या. 'गाडी रद्द झाली' यात फेरी रद्द होते. 'गाडी बंद झाली' यात क्रमांक जातो. 'गाडी धुवायला नेली' यात डबे जातात. भाषेने हे भेद क्रियापदांत सांभाळून ठेवले आहेत, आणि एकाच चौकोनात 'गाडी' लिहिणाऱ्याने ते पुसले आहेत.

या हरकतींमधून दिसतं की संकल्पनात्मक मॉडेल कोणत्या प्रकारची विधानं करतं. पहिला प्रकार ओळखीचा: दोन नोंदी कधी एकाच गोष्टीच्या आणि कधी दोन गोष्टींच्या. दुसरा मनाईचा: एकाच तुकड्यावर दोन कन्फर्म प्रवासी असूच शकत नाहीत. तिसरा टिकावाचा: ऐनवेळी डबा बदलला, बर्थ क्रमांक बदलला, तरी पीएनआर तोच आणि प्रवाशाचा हक्क तोच. या तिन्हींपैकी काहीच न बोलणारं चित्र कितीही नीटस असो, ते यादी आहे. आणि तिन्हींपैकी एकाही विधानाला संगणक लागत नाही. आरक्षण जाड रजिस्टरांवर होत होतं तेव्हाही गाडीची तारीख आणि चढण्याची तारीख यांतला फरक खिडकीमागच्या बाबूला सांभाळावाच लागे. मॉडेल रजिस्टरांतही होतं. संगणकाने ते बोलायला लावलं, एवढंच.

मनाईच्या विधानाकडे मी अधिक झुकतो, हे मान्य करतो. जे मॉडेल कशालाच 'असं होणार नाही' म्हणत नाही, त्याला खोडणार कुठून?

ओळखीच्या विधानांचं सर्वांत घासूनपुसून केलेलं उदाहरण ग्रंथपालांनी दिलं आहे. संगणकवाल्यांनी त्याकडे पुरेसं पाहिलं नाही. 'श्यामची आई' हे पुस्तक मी वाचलंय. हे पुस्तक सध्या मिळत नाही. हे पुस्तक फाटलंय. तीन वाक्यांत 'पुस्तक' हा एकच शब्द, आणि तीन वेगळ्या गोष्टी: साने गुरुजींची कृती, तिची एखादी आवृत्ती, आणि माझ्या कपाटातली प्रत. इफ्ला या ग्रंथालयांच्या जागतिक संघटनेने 1998 मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये चार पायऱ्या केल्या. कृती आणि आवृत्ती यांच्या मध्ये तिचा विशिष्ट भाषेतला किंवा रूपातला आविष्कार. त्यामुळे इंग्रजी अनुवाद हा त्याच कृतीचा दुसरा आविष्कार ठरतो, आणि अत्र्यांचा चित्रपट मात्र वेगळी कृती. हे कुणाला पटणार नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे: यावर वाद घालता येतो, आणि वाद घालायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही.

4. यंत्रातलं बरोबर, धावपट्टीवरचं चूक

14 सप्टेंबर 1993 रोजी लुफ्तान्साचं एअरबस ए320 विमान वॉर्सॉला उतरलं. धावपट्टी पावसाने भिजलेली होती. इंजिनांचा उलटा जोर आणि पंखांवरचे रोधक पडदे हवेत असताना चुकूनही उघडू नयेत, म्हणून विमानाच्या संगणकाला अट घातलेली होती: विमान जमिनीवर असेल तरच. पण 'जमिनीवर' हे संगणकाला दिसत नाही. त्याला दिसतं ते दोन्ही मुख्य पायांवर पडणारं वजन आणि चाकांचा वेग. म्हणून जमिनीवर असणं म्हणजे दोन्ही पायांवर पुरेसं वजन असणं, आणि पडद्यांसाठी त्याला पर्याय म्हणून चाकं ठरावीक वेगाने फिरणं, असं धरलेलं होतं. त्या दिवशी विमान आधी एका पायावर टेकलं. दुसरा टेकायला सुमारे 9 सेकंद गेली. पाण्याच्या थरावर चाकं फिरण्याऐवजी घसरत राहिली. संगणकाच्या लेखी विमान अजून हवेत होतं. ते धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन बांधावर आदळलं आणि पेटलं. सहवैमानिक आणि एक प्रवासी असे दोघं गेले.

कारणं अनेक होती. बदललेला वारा आणि जास्तीचा वेग हीसुद्धा. पण सॉफ्टवेअरमध्ये, रूढ अर्थाने, चूक नव्हती. जे लिहून दिलं होतं ते त्याने केलं. चूक होती ती 'जमिनीवर असणं म्हणजे हे' या एका वाक्यात. ते वाक्य कोडच्या चाचणीत सापडलं नसतं, कारण चाचणी त्याच वाक्याला प्रमाण मानून चालते. ते खोडू शकला असता तो ओल्या धावपट्टीवर उतरलेला वैमानिक.

इंग्लंडमधले सॉफ्टवेअरचे अभ्यासक मायकेल जॅक्सन (गायक नव्हेत) 1990च्या दशकात हेच पुन्हा पुन्हा सांगत होते: गरजा जगात असतात, यंत्रात नसतात, आणि दोहोंना जोडणारी वाक्यं कुणीच लिहून ठेवत नाही.

5. हरकती

पहिली हरकत कोड लिहिणाऱ्यांची: वेगळं मॉडेल हवंच कशाला, कोड हेच मॉडेल. या हरकतीमागे मोठी परंपरा आहे. ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी सिम्युला 67 रचली तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे जगातल्या वस्तूंची प्रतिकृती, हीच त्यामागची दृष्टी होती. माझ्या व्याख्येत कोडला बंदी नाही. कोडची एखादी ओळ मोठ्याने वाचल्यावर टीसी ती खोडू शकत असेल, तर ती ओळ मॉडेलचा भाग. अडचण अशी की 'स्थिती 3 असेल तर' हे कुणालाच खोडता येत नाही, जोवर '3 म्हणजे आरएसी' हे कुणी सांगत नाही. आणि हे सांगणारं वाक्य बहुधा कोडमध्ये नसतं. ते नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी डोक्यात असतं.

दुसरी हरकत जास्त टोकदार आहे. ज्या प्रणालींना बाहेरचं जगच नाही त्यांचं काय? स्प्रेडशीटमधली पेटी किंवा चित्रं रंगवण्याच्या सॉफ्टवेअरमधले थर हे जगात आधी नव्हते. सॉफ्टवेअरनेच ते जन्माला घातले. मग चूक ठरवणार कोण? इथे मी थोडी माघार घेतो. अशा प्रणालीची कल्पना 'खोटी' नसते, ती फार तर अडाणी असते. पण व्यवहार कळणारा माणूस इथेही आहेच: थर वापरून रोज काम करणारा चित्रकार. 'खालचा थर पुसला की वरचाही जातो' हे ऐकून तो म्हणेल, असं कसं चालेल? हा निवाडा वस्तुस्थितीचा नसून वापराचा आहे. म्हणून मी त्याला मॉडेल म्हणतो, पण दुसऱ्या पंगतीत बसवतो.

तिसरी हरकत ट्युरिंग यंत्राची. संगणकशास्त्राचं आद्य मॉडेलच या व्याख्येतून गळतं का? 1936 चा निबंध पाहिला तर गळत नाही. तेव्हा 'कम्प्यूटर' म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. ट्युरिंग यांनी त्याच्या कामाचं वर्णन केलं: चौकटींचा कागद, मोजकी चिन्हं, मनाच्या मोजक्या अवस्था, एका वेळी एक छोटी कृती. एखादा कारकून 'मी याहून वेगळं काहीतरी करतो' असं म्हणू शकला असता, म्हणून ते मॉडेल. आज मात्र तीच रचना प्रमेयं सिद्ध करण्यासाठी वापरली जाते तेव्हा ती शुद्ध गणिती वस्तू असते. वस्तू तीच, कशासमोर धरली यावर ती मॉडेल आहे की नाही हे ठरतं.

चौथी आजची. भाषिक मॉडेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अब्जावधी आकड्यांनी बनलेल्या प्रणाली मिन्स्की यांच्या कसोटीला नक्की उतरतात. प्रश्न विचारा, उत्तर मिळतं. पण त्यांची उत्तरं खोडता येतात, त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. बर्थबद्दल त्यांनी शंभर उत्तरं दिली आणि त्यांतली तीन चुकली, तर चुकीचं ठरलेलं वाक्य नेमकं कोणतं, हे दाखवायला बोट ठेवायची जागा नाही. तेव्हा मॉडेल हो, संकल्पनात्मक नाही. त्यात कमीपणा काही नाही; फक्त दोन्हींना एकाच शब्दाखाली बसवून 'आता मॉडेलिंगची गरज उरली नाही' असं म्हणणाऱ्यांनी आपण कोणता शब्द कुठे वापरतो आहोत ते पाहावं.

6. नमुन्याच्या दोन दिशा

मॉडेलला मराठीत प्रारूप, प्रतिमान, आराखडा असे शब्द सुचवले गेले आहेत. माझी पसंती जुन्या 'नमुना' या शब्दाला. कारण त्याला दोन तोंडं आहेत. तांदळाचा नमुना म्हणजे पोत्यात जे आहे त्यातलं मूठभर. तो पोत्याशी जुळला नाही तर नमुना खोटा. अर्जाचा नमुना म्हणजे ज्याप्रमाणे लिहायचं ते. त्याच्याशी अर्ज जुळला नाही तर अर्ज खोटा. संकल्पनात्मक मॉडेल पहिल्या अर्थाचा नमुना म्हणून जन्मतं, आणि प्रणाली सुरू झाली त्या दिवसापासून दुसऱ्या अर्थाचा होऊन बसतं. तमिळनाडूतल्या ज्या माणसाला आडनावच नाही तो आडनावाच्या सक्तीच्या रकान्यात वडिलांचं नाव घालतो, आणि कागदोपत्री तेच त्याचं आडनाव होतं. 'प्रत्येकाला आडनाव असतं' हे विधान चूक होतं. ते बरोबर करण्याची जबाबदारी त्या माणसावर आली. खोडण्याची मुदत अशी गुपचूप संपते.

आपला सातबारा हा शब्दशः नमुना आहे: गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12, एक हक्कांचा, एक पिकांचा. कायद्याने त्यातल्या नोंदी खऱ्या मानल्या जातात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. म्हणजे चूक ठरण्याची पात्रता इथे कलमात लिहून ठेवलेली आहे. 1966 च्या जमीन महसूल संहितेत ती आहे, आणि ती लिहिणाऱ्यांनी डेटाबेसचं पुस्तक पाहिलेलं नव्हतं. त्याच कागदावर 'इतर अधिकार' नावाचा एक रकाना आहे. कुळ, बँकेचा बोजा, सामाईक विहीर, कुणाची तरी वहिवाटीची वाट, असं बाकीच्या रकान्यांत न मावणारं सगळं तिथे वाक्यांमध्ये येतं. संगणकीकरण करणाऱ्याला तो रकाना अस्वच्छ वाटतो; ना प्रकार ठरलेला, ना लांबी. पण तलाठ्याने तिथे लिहिलेली प्रत्येक ओळ म्हणजे मूळ रकान्यांवर जगाने घेतलेली हरकत आहे, तारखेनिशी.

जुन्या कार्यालयाची प्रणाली नव्याने बांधायची वेळ आली की चौकोन काढण्याआधी मी हा रकाना मागतो. कुठे त्याला 'शेरा' म्हणतात, कुठे 'इतर'. देणारा बहुतेक वेळा विचारतो, त्यात काय आहे वाचण्यासारखं?